घसरण्याचा हक्क

रविवार, १८ एप्रिल २०२१. त्या रात्री युरोपातल्या बारा बड्या फुटबॉल क्लबांनी ‘युरोपियन सुपर लीग’ ही नवी स्पर्धा जाहीर केली. बारांपैकी सहा क्लब इंग्लंडचे, तीन स्पेनचे आणि तीन इटलीचे. दुसऱ्याच दिवशी, या बारांत असलेल्या लंडनच्या टॉटेनहॅम हॉट्स्परने आपले मॅनेजर जोझे मोरिन्यो यांना काढून टाकले. मंगळवारी रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार जाहीर केली आणि लीग कोसळली. जे पी मॉर्गनसारखी बँक ज्या योजनेला पैसा पुरवणार होती, ती दोन दिवसांत का मोडावी?

उत्तर शोधण्याआधी योजनेची घडण पाहू. लीगमध्ये वीस संघ असणार होते. त्यांतले पंधरा संस्थापक म्हणून कायमचे. कितीही वाईट खेळले तरी त्यांची जागा अढळ. उरलेल्या पाच जागांसाठी बाकी सगळ्या युरोपाने झगडायचे.

आपल्याकडच्या आयपीएलच्या प्रेक्षकाला यात वावगे वाटणार नाही, कारण तिथे तळाला राहिलेला संघही पुढच्या वर्षी असतोच. इंग्लंडमधली रचना मात्र जिन्यासारखी आहे. प्रीमियर लीगमधले शेवटचे तीन संघ दरवर्षी खालच्या श्रेणीत घसरतात आणि खालचे तीन वर चढतात. लेस्टर सिटी २००८-०९च्या हंगामात तिसऱ्या श्रेणीत खेळत होता; २०१६ साली तोच इंग्लंडचा विजेता ठरला; २०२३ साली तो पुन्हा खाली घसरला. या जिन्यामुळेच तळाच्या दोन संघांमधल्या सामन्यालाही जीवनमरणाचे मोल येते. सुपर लीगने वरच्या पायऱ्यांना कुलूप घालायचे ठरवले होते.

आता टॉटेनहॅमकडे वळू. मोरिन्यो नोव्हेंबर २०१९मध्ये आले होते. मार्च २०२१मध्ये दिनामो झाग्रेबकडून संघ युरोपा लीगमधून बाहेर पडला होता, प्रीमियर लीगमध्ये तो सातवा होता. अनेक पाठीराख्यांना मॅनेजर नकोसे झाले होते. एरवी त्यांच्या जाण्यावर आठवडाभर वाद रंगला असता, विशेषतः सहा दिवसांवर लीग कपचा अंतिम सामना असताना. क्लबने अवघ्या २९ वर्षांच्या रायन मेसनकडे संघ सोपवला. पण त्या सोमवारी ही बातमी दुय्यम ठरली. उलट, मोरिन्योंनी सुपर लीगला विरोध केला म्हणूनच त्यांना घालवले, अशी वावडी उठली. तिला पुरावा मिळालेला नाही आणि मैदानावरची कामगिरी हे कारण पुरेसे होते. तरीही लोकांना ती खरी वाटली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मालकांवरचा विश्वास उडाला की त्यांच्या साध्या निर्णयातही कावा दिसू लागतो.

मॅनेजरची हकालपट्टी हे घरातले भांडण आहे. त्यात पाठीराख्यांचे दोन तट पडतात. पण घर शाबूत राहते. सुपर लीगने घराचाच पाया उपटायला घेतला, म्हणून एकमेकांचे हाडवैरी पाठीराखे एका बाजूला आले. करोनामुळे वर्षभर स्टेडियम जवळजवळ रिकामी होती, म्हणून निषेध रस्त्यावर आला. सोमवारी लीड्सच्या खेळाडूंनी लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याआधी, युरोपातली जागा खेळून कमवा, अशा आशयाचे शर्ट घातले. मंगळवारी चेल्सीच्या पाठीराख्यांनी आपल्याच संघाची बस अडवली. क्लबचे माजी गोलरक्षक पेत्र चेक त्यांची समजूत काढायला रस्त्यावर उतरले. २ मे रोजी मँचेस्टर युनायटेडचे पाठीराखे थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला.

जर्मनीचा एकही क्लब या बारांत नव्हता. तिथे साधारणपणे क्लबच्या निम्म्याहून अधिक मतांचा हक्क सभासदांकडे राहावा लागतो. बायर्न म्युनिक आणि डॉर्टमुंड यांनी लीगला नकारच दिला.

अर्थात पाठीराख्यांना सरसकट पुण्यात्मे ठरवण्याचे कारण नाही. धनाढ्य मालकांच्या पैशातून आलेल्या विजयांवर तेही नाचले होते. खुद्द प्रीमियर लीगसुद्धा १९९२ साली जुन्या फुटबॉल लीगमधून फुटूनच निघाली आणि तीही पैशासाठीच. फरक इतकाच, की त्या फुटीने जिना मोडला नव्हता.

हा प्रश्न आपल्या दाराशीही येऊन गेला आहे. २०१४ साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग बंदिस्तच होती. तिलाच देशातली पहिली श्रेणी करण्याचा बेत पुढे आला तेव्हा, २०१६ साली, गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो राष्ट्रीय लीगबाहेर गेला. पण मँचेस्टरसारखी धग इथे उठली नाही.

इंग्लंडमध्ये त्या धगीतून पुढे कायदा झाला. २०२५च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला आणि अशा फुटीर लीगची वाट इंग्लिश क्लबांसाठी बंद केली.

टॉटेनहॅमने २०२१चा तो अंतिम सामना मँचेस्टर सिटीकडून ०-१ असा गमावला. पुढे २०२४-२५च्या हंगामात हा क्लब प्रीमियर लीगमध्ये सतराव्या क्रमांकावर राहिला. त्याखालची पायरी म्हणजे घसरण. त्याच मे महिन्यात त्याने सोळाव्या क्रमांकावरच्या मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोपा लीग जिंकली आणि सतरा वर्षांनी पहिला करंडक घरी आणला. पंधरवडा उलटताच तो करंडक जिंकून देणारे मॅनेजर अँजे पोस्टेकोग्लू यांनाही काढून टाकण्यात आले, आणि पाठीराखे पुन्हा नेहमीसारखे दोन तटांत भांडू लागले. कायमची जागा मागणाऱ्या दोन क्लबांची ती अंतिम लढत चटका लावणारी ठरली, कारण हरणाऱ्याचे त्या रात्री खरोखर काही जाणार होते.