धरण आटतं तेव्हा कोण येतं?

फेब्रुवारीत पक्षी बघायला कुठे जायचं, असं कुणी मला विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: जवळच्या धरणावर जा! आणि हो, भिंतीकडे नको. मागच्या बाजूला जा. तिथे पाणी उथळ असतं आणि काठ रोज थोडा थोडा मागे सरकत असतो.

आपल्या वाशिम जिल्ह्यात अशा जागा आहेतच की. वाशिम शहराला पाणी पुरवणारं एकबुर्जी आहे, कारंज्याकडचं अडाण आहे आणि अकोला-वाशिमच्या सीमेवर काटेपूर्णा आहे. काटेपूर्णाच्या जलाशयाभोवतालचं जंगल १९८८ पासून अभयारण्य आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराला तर २०२० साली 'रामसर स्थळ' असा जागतिक मान मिळाला. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा जपण्याचा करार झाला, म्हणून २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवस. महिना अगदी योग्य निवडला गेलाय, असं मला दरवर्षी वाटतं.

का ते सांगते. धरणातलं पाणी आपण साठवतो ते पिण्यासाठी आणि ओलितासाठी. वावरातल्या गव्हा-हरभऱ्याला पाणी सुटलं की जलाशय खाली जातो. मग इतके दिवस पाण्याखाली असलेला गाळ उघडा पडतो. काही ठिकाणी शेतकरी त्यावर पीकही घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. पण शेतकऱ्याच्या आधी तिथे पोचतात ते पक्षी! त्या मऊ गाळात अळ्या, किडे, गोगलगाई ठासून भरलेल्या असतात.

आता नीट बघा हं. लांबच लांब गुलाबी पायांचा तो शेकाट्या. तो पोटापर्यंत पाण्यात शिरून किडे टिपतो. त्याच्या अलीकडे, ओल्या काठावर, शेपूट सतत वरखाली हलवत चालणारी तुतारी. आणि त्याहून अलीकडे, जवळजवळ कोरड्या गाळावर, चिमणीपेक्षा थोडा मोठा, गळ्यात काळा पट्टा असलेला कंठेरी चिखल्या. हा चार पावलं तुरुतुरु पळतो, एकदम थांबतो, आणि मग एक पाय गाळावर थरथर थरथर हलवतो. कशासाठी? त्या थरथरीने गाळातले किडे हलतात आणि त्याला दिसतात! हे दुर्बिणीशिवायही दिसू शकतं, फक्त एका जागी गप्प बसायची तयारी हवी.

कुणाचे पाय लांब, कुणाची चोच आखूड, त्यामुळे जो तो आपापल्या पट्ट्यात जेवतो. भांडणं होतात, पण थोडीच.

काठापासून थोडं आत, जरा खोल पाण्यात बदकं असतात. थापट्या बदकाची चोच टोकाला पसरट असते. तिच्या दोन्ही कडांना बारीक दातऱ्यांची रांग असते. चोच पाण्यात धरून तो पुढे पुढे पोहतो. पाणी बाहेर जातं आणि बारके जीव आत अडकतात, अगदी आपल्या चहाच्या गाळणीसारखं. तलवार बदकाची मान लांब, शेपूट टोकदार. तो डोकं खाली आणि शेपूट वर करून तळाचं खातो. या बदकांचे नर पावसाळा संपताना येतात तेव्हा मळकट तपकिरी, मादीसारखेच दिसतात. फेब्रुवारीपर्यंत मात्र त्यांची पिसं बदललेली असतात आणि ते रंगांनी झळाळतात. त्यांच्या जोड्या इथेच जमतात. परतताना मादी आपल्या जन्माच्या मुलखाकडे निघते आणि नर तिच्यामागे जातो.

म्हणजे ही मंडळी आता निघायच्या तयारीत आहेत. खूप खातात, अंगात चरबी साठवतात. काही छोटे पक्षी तर लांबच्या उड्डाणाआधी आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात.

पण निघायची वेळ झाली, हे त्यांना कळतं कसं? त्यांच्याकडे कुठे दिनदर्शिका आहे! त्यांना कळतं ते दिवसाच्या लांबीवरून. आपल्याकडे डिसेंबरच्या शेवटी दिवस जवळपास अकरा तासांचा असतो. फेब्रुवारी संपेपर्यंत तो साधारण पाऊण तासाने वाढतो. आणि आता खरी नवलाई ऐका: पक्षी हा प्रकाश फक्त डोळ्यांनी मोजत नाहीत. त्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश जाणणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपलेला उजेड त्यांच्यापर्यंत पोचतो. फ्रान्समधले झाक बेन्वा यांनी १९३०च्या दशकात हे शोधलं, आणि तेही बदकांवर प्रयोग करून! मला तर ही गोष्ट कितीदा वाचली तरी नवीच वाटते.

या पाहुण्यांमधला माझा सगळ्यात लाडका म्हणजे पट्टकादंब. राखाडी अंगाचा हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. विदर्भातल्या जलाशयांवर तो हिवाळ्यात येतो. रात्री शेतात चरतो आणि दिवसा काठावर आराम करतो, म्हणून भल्या पहाटे गेलात तर त्याचा थवा पाण्याकडे परतताना दिसण्याची शक्यता जास्त. त्याची घरटी तिबेट आणि मंगोलियातल्या तळ्यांकाठी असतात. मंगोलियात शास्त्रज्ञांनी गळ्यात क्रमांकाचे पट्टे घातलेले पट्टकादंब भारतात सापडले आहेत. म्हणजे मधे आला हिमालय!

पाठीवर यंत्र लावलेल्या एका पट्टकादंबाच्या उड्डाणाची उंची ७,२९० मीटर नोंदली गेली. तिथे हवेतला प्राणवायू आपल्या निम्म्याहूनही कमी असतो. याचं रक्त मात्र विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडून घेतं. आणखी एक शहाणपणा तो करतो. सरळ उंचावरून जात नाही. डोंगर आला की चढतो, दरी आली की खाली उतरतो. खालच्या दाट हवेत पंख मारायला कमी श्रम पडतात, म्हणून पुन्हा चढावं लागलं तरी त्याला परवडतं. २०१५ साली या हंसांच्या हृदयाचे ठोके मोजून हे सिद्ध झालं. केशरी अंगाचा चक्रवाकही काही कमी नाही. तो ६,८०० मीटरपर्यंत चढल्याची नोंद आहे. आणि तो तर आपल्याच लडाखमध्येही घरटी करतो.

धरणावर जाताना घरातल्या मोठ्या माणसाला सोबत न्या. गाळात उतरू नका, पाय कमरेपर्यंत रुतू शकतो. सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीमागे राहील आणि पक्ष्यांचे रंग खरे दिसतील. कपडे मळखाऊ घाला. कुणाच्या वावरातून जायचं असेल तर आधी विचारा, आणि धुऱ्याधुऱ्यानेच चाला. काठावरच्या खडकाळ जागेत तर नजर खाली हवीच. टिटवी घरटं असं बांधतच नाही. मार्चपासून ती उघड्या जमिनीवर खड्यांमध्येच खड्यांच्या रंगाची अंडी घालते. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरू लागली की समजा आपण फार जवळ आलो, आणि आल्या पावली मागे फिरा.

फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर पक्षिगणना होते. पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसलेले पक्षी मोजून कळवले, की तुमची नोंदही त्यात जाते.

आणि माझ्यासाठी एक काम करा. पाण्याच्या अगदी कडेला, कोरड्या जमिनीवर उभं राहून हात पोचेल तिथे एक काठी रोवा. आठवड्याने परत जा. पाणी काठीपासून किती पावलं मागे गेलं ते गाळात न उतरता अंदाजाने मोजा, आणि त्या नव्या उघड्या पट्ट्यात कोण कोण चरतंय ते वहीत लिहा. कोरड्या जमिनीवरूनच हात पोचेल तिथे पुन्हा दुसरी काठी. मार्चअखेरपर्यंत असं केलंत, तर तलवार बदक, चक्रवाक आणि थापट्या यांच्यापैकी आधी कोण गेलं, हे तुमच्या वहीत तारखेसकट असेल. ते मला कळवा.