औषधांच्या पावत्या जपून ठेवा

औंढा नागनाथच्या परिसरातून मोठ्या उपचारांसाठी हिंगोली वा नांदेड गाठावे लागते. तेथे झालेला खर्च निवृत्तिवेतनावर आयकर भरणाऱ्या ज्येष्ठांना काही अंशी हलका करता येतो.

आपले वय ६० वा अधिक असेल आणि आपल्यासाठी आरोग्यविमा घेतलेला नसेल, तर वर्षाकाठी ५०,००० रुपयांपर्यंतचा औषधोपचाराचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा होतो. १९६१च्या आयकर कायद्यात ही तरतूद कलम ८०डीमध्ये होती. आई-वडिलांसाठी हा खर्च मुलाने वा मुलीने केला, तर वजावट त्यांना मिळते. मात्र पैसे रोख दिल्यास हा हक्क जातो. म्हणून धनादेश, कार्ड वा यूपीआय वापरावे.

कर्करोग किंवा मूत्रपिंड कायमचे निकामी होणे अशा ठरावीक आजारांत ज्येष्ठांसाठी वजावटीची मर्यादा १,००,००० रुपये आहे; १९६१च्या कायद्यात ते कलम ८०डीडीबी होते. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते. विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वगळली जाते.

या सवलती जुन्या करप्रणालीतच मिळतात. म्हणून विवरणपत्रापूर्वी दोन्ही प्रणालींचा कर ताडून पाहावा. शुश्रूषा करणाऱ्यांनी चिठ्ठ्या, पावत्या व बँकेच्या नोंदी तारखेनुसार एकाच फाईलमध्ये लावाव्यात.