एक रिकामी फेरी वाचवण्यासाठी





मंडळ्यांना भेटी देताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "कॉलेजात शिकणाऱ्या आदिवासी मुलांना मोबाइल कशाला हवा? त्याने मुले बिघडत नाहीत का?" प्रश्न काळजीपोटी येतो, म्हणून तो मी हसण्यावारी नेत नाही. वापर चुकला तर मुले बिघडतात, हे मी पाहिले आहे. पण माहितीअभावी एका मुलाचे शिक्षण सुटलेलेही मी पाहिले आहे. ती माहिती हातातल्या फोनवर पाच मिनिटांत मिळाली असती. या अंकात त्याविषयी लिहितो.

सुरुवात एका दूरच्या गोष्टीने करतो. 1991 साली इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात एक अडचण होती. कॉफीचे भांडे एकाच खोलीत होते आणि काही संशोधक दुसऱ्या मजल्यांवर बसत. जिने चढून यावे, तर भांडे रिकामे. तेव्हा त्यांनी भांड्यासमोर एक कॅमेरा लावला आणि त्याचे चित्र प्रत्येकाच्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. चित्र लहानसे आणि काळे-पांढरे होते, पण कॉफी आहे की नाही एवढे त्यात कळे. 1993 मध्ये ते इंटरनेटवर गेले आणि जगभरचे लोक ते भांडे पाहू लागले. 2001 साली तो कॅमेरा बंद झाला.

एवढ्या हुशार माणसांनी हा खटाटोप कशासाठी केला? एक रिकामी फेरी वाचवण्यासाठी. त्यांची फेरी जिन्याची होती. आमच्या मुलांची फेरी सातपुड्याची असते.

आमचे वसतिगृह नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. मुले धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवरून येतात. एसटी जिथे थांबते, तिथून पुढे डोंगरातून पायी जावे लागते. कॉलेजच्या खिडकीवर "उत्पन्नाचा दाखला आणा" असे सांगितले, की दोन दिवस आणि भाड्याचे पैसे गेले. दाखला आणल्यावर कळते की अर्जाची मुदत काल संपली.

दोन वर्षांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा शिष्यवृत्तीची वाट पाहत होता. चौकशी केली की उत्तर एकच मिळे, "पैसे गेले आहेत, खाते तपासा." त्याने पासबुक तीन वेळा भरून आणले, खात्यात काही नव्हते. तो माझ्याकडे आला. मी त्याला धीर धरायला सांगितले, त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि दुसऱ्या कामाला लागलो. दिवाळीनंतर तो घरच्यांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेला.

होळीला तो गावी आला, तेव्हा ठेवलेली पेटी न्यायला वसतिगृहात आला. योगायोगाने आमच्या मंडळीतले एक निवृत्त बँक कर्मचारी त्या दिवशी तिथे होते. त्यांनी त्याला शेजारी बसवून त्याच्याच फोनवर पाहायला लावले. आधार दुसऱ्याच बँकेला जोडलेले निघाले. गावात शिबिर भरले होते, तेव्हा उघडलेले ते खाते तो विसरून गेला होता. पैसे दिवाळीआधीच तिथे जमा झालेले होते. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत मात्र संपली होती. तो पुन्हा कॉलेजात आला नाही.

हरवलेल्या नाण्याचा दाखला मी अनेकदा शिकवला आहे. त्यातली बाई दिवा लावते, घर झाडते आणि नाणे सापडेपर्यंत शोधते. माझ्या हातात दिवा होता, मी तो लावला नाही. त्यानंतर आम्ही मुलांबरोबर बसलो आणि एकच प्रश्न विचारला, "तुमची कोणती फेरी रिकामी जाते?" उत्तरांतून तीन कामे उभी राहिली.

पहिले काम आधार आणि बँकेचे. शिष्यवृत्तीचा पैसा आधार क्रमांकावरून खात्यात जातो. मुलाची दोन-तीन खाती असली, तरी आधार ज्या बँकेला सर्वांत शेवटी जोडले गेले तिथेच तो जातो. ही जोडणी 'माय आधार' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. बँकेचे नाव आणि जोडणी चालू आहे की बंद, हे तिथे दिसते. आता प्रत्येक विद्यार्थी अर्ज भरण्यापूर्वी हे स्वतः तपासतो. यात एक अडचण आहे. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि पुष्कळ मुलांचा तो क्रमांक मोठ्या भावाचा असतो. भाऊ फोन घेऊन गुजरातेत गेलेला असतो. म्हणून प्रवेशाच्या वेळीच मुलाला आधार केंद्रात नेऊन त्याचा स्वतःचा क्रमांक नोंदवून घेतो.

याच्याच जोडीला डिजिलॉकर. 2015 साली केंद्र सरकारने सुरू केलेली ही कागदपत्रांची पेटी आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका त्यात थेट बोर्डाकडून मिळतात. अशा रीतीने मिळालेल्या कागदाला 2017 पासून नियमाने मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. आपण स्वतः फोटो काढून त्यात ठेवलेल्या कागदाला मात्र ती नाही. हा फरक मुलांना नीट समजावावा लागतो. पाड्यावर पावसात छप्पर गळते आणि पत्र्याच्या पेटीतली गुणपत्रिका भिजते. तेव्हा ही सोय किती मोठी आहे हे कळते.

दुसरे काम सूचनाफलकाचे. रोज सकाळी अकरा वाजता ज्याची पाळी असेल तो विद्यार्थी कॉलेजच्या फलकाचा फोटो काढून गटात पाठवतो. डोंगरात नेटवर्क कमी असते, फोटो उघडत नाही. म्हणून सूचनेचा सारांश दोन ओळींत लिहायचा, आणि साधा फोन असणाऱ्यांना तो एसएमएसने पाठवायचा. शेवटची तारीख असेल तर पावरी आणि भिलोरी बोलीत आवाजाचा संदेशही जातो. तो आईबापही ऐकतात. "माझ्या मुलीचा फॉर्म कधी भरायचा हे आता मलाही माहीत असते," असे एका आईने मला सांगितले, तेव्हा या कामाचे खरे मोल मला उमगले.

तिसरे काम पाण्याच्या टाकीचे. मोटार चालू केली की कोणीतरी गच्चीवर जाऊन टाकी भरली का ते पाहायचे. विसरले की पाणी वाहून जायचे. विज्ञान शाखेच्या एका मुलीने दोनशे रुपयांच्या आत त्यावर उपाय केला. टाकीत दोन तारा सोडल्या, एकीचे टोक तळाशी आणि दुसरीचे वरच्या काठाजवळ. पाणी वरच्या टोकाला लागले की त्यातून अगदी थोडी वीज वाहते. एक लहानसा ट्रान्झिस्टर ती ओळखतो आणि खाली बझर वाजतो. सगळे नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे शॉकची भीती नाही. दोन महिन्यांनी बझर वाजेना. तारांच्या टोकांवर गंज आणि क्षार चढले होते. आता ती टोके महिन्यातून एकदा घासण्याची पाळी भिंतीवर लावली आहे. यंत्र आणले की त्याची निगाही आली, हे मुले पुस्तकाबाहेर शिकली.

माझी एक चूकही कबूल करतो. सुरुवातीला सोय म्हणून मी सर्व मुलांच्या आधार कार्डांचे फोटो माझ्या फोनमध्ये जमवले होते. बँकेतल्या त्या काकांनीच मला हटकले, "तुमचा फोन हरवला तर?" मी ते सगळे पुसून टाकले. आता आमचा नियम आहे. कागद ज्याचा त्याच्याच फोनमध्ये राहील, ओटीपी आणि पिन शिक्षकालाही सांगायचा नाही, आणि मुलींचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय गटात टाकायचे नाहीत. मदत करणाऱ्याने शेजारी बसून दाखवावे, बटण मुलाने दाबावे.

यातले एकही काम महागडे नाही. आधी अडचण नीट ऐकली, मग साधन शोधले, एवढेच केले. नेमकी अडचण कोणती हे मुलांनाच ठाऊक होते, आणि उपायही बहुतेक त्यांनीच काढले.

आपण काय करू शकता? घरात पडून असलेला, चालू स्थितीतला फोन आपली माहिती पुसून आमच्याकडे पाठवा. पण त्याहून मोठी गरज वेळेची आहे. बँकेत, तहसील कचेरीत किंवा शाळेच्या कार्यालयात नोकरी केलेली माणसे प्रत्येक मंडळीत आहेत. जून ते सप्टेंबर या प्रवेशाच्या आणि अर्जांच्या दिवसांत त्यांनी महिन्यातला एक शनिवार वसतिगृहात मुलांच्या शेजारी बसून घालवावा, ही विनंती.

त्या मुलाची पेटी ठेवलेली जागा मी अजून कोणाला दिलेली नाही. त्याला निरोप पाठवला आहे की प्रवेश पुन्हा घेता येतो, आणि अर्ज भरताना या वेळी मी शेजारी बसेन. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आपला सेवाबंधू