चांबा : एक नाव आणि एक वाण

स्वाहिली भाषेत गांजाच्या झाडास ‘बांगी’ म्हणतात, झिंबाब्वेच्या शोना भाषेत ‘म्बांजे’. मराठी वाचकास येथे ‘भांग’ आठवल्यावाचून राहणार नाही, आणि ते योग्यच आहे. संस्कृत ‘भङ्गा’, फारसी ‘बंग’, अरबी ‘बंज’ ही एकाच कुळातील नावे. हिंदी महासागरावरील व्यापाराबरोबर ती आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागली. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथातही या वनस्पतीची चर्चा आहे.

परंतु या दोन भाषांच्या प्रदेशांमध्ये वसलेल्या मलावीकडे पाहिले की हे सरळ चित्र बिघडते. तेथील चिचेवा भाषेत या झाडाचे नाव ‘चांबा’. ज्या देशी वाणास जग ‘मलावी गोल्ड’ या इंग्रजी नावाने ओळखते, तो प्रामुख्याने सरोवराच्या पश्चिम तीरावरील न्खोटाकोटा भागातला. एकोणिसाव्या शतकात याच गावी स्वाहिली व्यापाऱ्यांचे मोठे ठाणे होते. गुलामांचा आणि हस्तिदंताचा व्यापार तेथून चाले. इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही ‘बांगी’ हा शब्द तेथे रुजला नाही. व्यापारी येण्यापूर्वीच झाडाला स्थानिक नाव मिळालेले असावे, असे मला वाटते.

‘चांबा’ला उच्चाराने जवळची नावे पश्चिमेकडे सापडतात : अंगोलातील ‘दिआंबा’, कासाई खोऱ्यातील ‘रिआंबा’. गुलामांच्या मुखी ‘दिआंबा’ ब्राझीलपर्यंत गेला. कासाईत तर १८८० च्या सुमारास लुलुआ लोकांचा राजा कालांबा याने जुन्या मूर्ती मोडून रिआंबाचे सामुदायिक धूम्रपान हेच सख्याचे चिन्ह ठरविले. त्याचे अनुयायी स्वतःस ‘रिआंबाची लेकरे’ म्हणवीत. अपराध्याला शुद्ध हरपेपर्यंत तोच धूर ओढावयास लावणे, ही शिक्षाही त्यांच्यात होती! आपल्याकडे भांग मुख्यत्वे खाण्यापिण्याची. पाण्यातून धूर ओढण्याच्या चिलमी आफ्रिकेत फार जुन्या आहेत. बी परके असले तरी आचार तेथलाच.

मलावीतील शेतकऱ्याने हा वाण कागदावाचून जपला. उंच वाढणारे, बारीक पानांचे, सावकाश पिकणारे हे झाड. त्याचे बी पिढ्यान्‌पिढ्या घरचेच. तुरे मक्याच्या पानांत घट्ट बांधून मुरवितात, म्हणून तयार माल कणसासारखा दिसतो. २०२० साली मलावीने औषधी व औद्योगिक लागवडीस कायद्याने वाट करून दिली. धूम्रपानास मात्र दिली नाही. आता परदेशी बियाण्यांची शेते शेजारी उभी राहिली तर? या झाडात नर-मादी वेगळी असतात आणि पराग वाऱ्यावर दूरवर जातो. मादी झाडावर परका पराग पडला की पुढील हंगामाचे बी संकरित होते, आणि ते पेरणाऱ्यास झाड उगवेपर्यंत कळत नाही.