मलेशियाची 'रुकुन नेगारा' आणि राजनिष्ठेचा अर्थ

उर्दू जाणणाऱ्या वाचकास 'रुक्न' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. रुक्न म्हणजे स्तंभ. अरकान-ए-इस्लाम आपण लहानपणीच पाठ करतो. 'नेगारा' हे संस्कृत 'नगर'चे मलय रूप असून तेथे त्याचा अर्थ राष्ट्र असा होतो. अरबी आणि संस्कृत अशा दोन शब्दांच्या या जोडनावाने मलेशियाने 31 ऑगस्ट 1970 रोजी आपली पाच राष्ट्रीय तत्त्वे जाहीर केली : ईश्वरावर श्रद्धा, राजा व देश यांच्याशी निष्ठा, संविधानाचे श्रेष्ठत्व, कायद्याचे राज्य, आणि सौजन्य व सदाचार. यांपैकी दुसऱ्या तत्त्वाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही तत्त्वे शांततेच्या काळात सुचलेली नाहीत. 10 मे 1969 रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली आणि 13 मे रोजी क्वालालंपूरमध्ये मलय व चिनी समाजांत भीषण दंगल उसळली. सरकारी आकडा 196 मृतांचा असून त्यांत बहुसंख्य चिनी होते. आणीबाणी पुकारली गेली. संसद फेब्रुवारी 1971 पर्यंत भरू शकली नाही. एका देशात राहूनही आपण एकमेकांचे कोण, हा प्रश्न रस्त्यावर आल्यावरच राज्यकर्त्यांनी स्तंभ उभारले, हे विसरून चालणार नाही.

आता राजा कोणता? येथे मलेशियाची व्यवस्था जगावेगळी आहे. तेरा राज्यांपैकी नऊ राज्यांत वंशपरंपरागत शासक आहेत. हे नऊ जण गुप्त मतदानाने आपल्यापैकी एकाची पाच वर्षांसाठी राष्ट्रप्रमुख म्हणून निवड करतात. त्यास 'यांग दि-पर्तुआन अगोंग' म्हणतात. सध्या, 31 जानेवारी 2024 पासून, जोहोरचे सुलतान इब्राहिम या पदावर आहेत. म्हणजे सिंहासन कायम, पण बसणारा पाच वर्षांनी बदलतो. त्यामुळे 'राजाशी निष्ठा' ही एका घराण्यावरील भक्ती होऊ शकत नाही. ती पदावरील निष्ठा ठरते. लोक राजाचा जयघोष 'दौलत तुआंकू' असा करतात. आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांतही 'दौलत' म्हणजे राज्य असाच अर्थ होता. आज आपण तिला पैशापुरती उरवली आहे.

परंतु खरी अडचण पुढे आहे. सुलतान मलय आणि मुसलमान. नागरिकांत मात्र सुमारे 23 टक्के चिनी आणि पावणेसात टक्के भारतीय वंशाचे लोक, शिवाय सबाह व सारावाकमधील अनेक मूलनिवासी जमाती. 1946 साली इंग्रजांनी 'मलायन युनियन' स्थापून सुलतानांचे अधिकार काढून घेतले आणि स्थलांतरितांना नागरिकत्व खुले केले, तेव्हा मलय समाज पेटून उठला. दोन वर्षांत ती योजना गुंडाळावी लागली. मलय माणसासाठी सुलतान हा केवळ शासक नसून आपल्या अस्तित्वाची हमी होता. मग चिनी किंवा तमिळ नागरिकाने त्याच राजाला आपला का मानावे?

याचे उत्तर संविधानाच्या अनुच्छेद 153 मध्ये आहे. मलय आणि सबाह-सारावाकच्या मूलनिवासींचे विशेष स्थान जपण्याची जबाबदारी या अनुच्छेदाने राजावर टाकली आहे. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्याच वाक्यात पुढे इतर समाजांचे न्याय्य हितसंबंध जपण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकली आहे. हा भाग फारसा उच्चारला जात नाही. माझ्या मते संपूर्ण निष्ठेचा तोल या उत्तरार्धावर उभा आहे. निष्ठेसाठी मलय भाषेत 'सतिया' हा शब्द आहे, आणि तो संस्कृत 'सत्य'पासून आला आहे. एका बाजूने खरेपणा नसेल तर दुसऱ्या बाजूकडून निष्ठा मागण्यास काय आधार राहतो?

संविधानाचा मसुदा करणाऱ्या रीड आयोगातही ही ओढाताण दिसते. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, भारत व पाकिस्तान यांचे सदस्य त्यात होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक हे त्यांपैकी एक. विशेष स्थानाचा पंधरा वर्षांनी फेरविचार व्हावा, ही आयोगाची सूचना अंतिम संविधानात आली नाही. पुढे 1971 च्या दुरुस्तीने नागरिकत्व, राष्ट्रभाषा, विशेष स्थान आणि शासकांचे सार्वभौमत्व या चार विषयांवर प्रश्न उपस्थित करण्यास मनाई करण्याचा अधिकार संसदेला मिळाला. दंगलीची जखम ताजी होती, हे मान्य. तरी बोलणे थांबवून मिळालेली एकी आणि बोलून झालेली एकी यांत फरक असतो.

राजाही कायद्याबाहेर राहिला नाही. 1993 च्या घटनादुरुस्तीने शासकांचे वैयक्तिक कायदेशीर संरक्षण काढून घेतले आणि त्यांच्यावरील खटल्यांसाठी विशेष न्यायालय नेमले. काहींना हा सिंहासनाचा अवमान वाटला. पण पाच स्तंभांत निष्ठेनंतर लगेच संविधान आणि कायदा येतो, हे पाहता विसंगती दिसत नाही.

नोव्हेंबर 2022 च्या निवडणुकीत 222 जागांच्या सभागृहात कोणत्याही आघाडीस 112 हा आकडा गाठता आला नाही. तेव्हाचे राजे, पहांगचे सुलतान अब्दुल्ला, यांनी निरनिराळ्या पक्षनेत्यांना राजवाड्यावर बोलावले, इतर शासकांशी मसलत केली आणि 24 नोव्हेंबरला अन्वर इब्राहिम यांना पंतप्रधान नेमले. त्यांच्या आघाडीतील एका मोठ्या पक्षाचा आधार मुख्यत्वे चिनी मतदार आहेत. 19 डिसेंबरला सभागृहाने या सरकारवर विश्वास व्यक्त केला.