आग लावणाऱ्याचं नाव कोण सांगणार?

जव्हारच्या घाटात चोरट्या सागाचा टेम्पो पकडला गेला, तर वनखात्याच्या हाती लाकूड येतं आणि गाडीही येते. खबर देणाऱ्याचं बक्षीसही त्यातूनच निघू शकतं. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 76 नुसार खबऱ्यांना दंडाच्या आणि जप्तीच्या रकमेतून बक्षीस देण्याचे नियम राज्य सरकार करू शकतं. वणव्यात मात्र मागे राख उरते, जप्त करण्याजोगं काहीच राहत नाही. दंडाचं म्हणाल, तर राखीव वनाला आग लावल्याबद्दल मूळ कायद्यातला कमाल दंड होता 500 रुपये. राज्यांनी पुढे दुरुस्त्या केल्या, तरी अशा रकमेतून बक्षीस ते किती देणार?

पालघर जिल्ह्यात हा प्रश्न दर उन्हाळ्यात पेटतो. यातली प्रत्येक आग गुन्हेगाराची नसते. राब भाजताना वारा फिरतो, मोहाची फुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवला जातो. अशा चुकीला आणि मुद्दाम लावलेल्या आगीला एकाच मापाने मोजणं अन्याय ठरेल. हा फरक उपग्रहाला कळत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाचा इशारा वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो, पण त्यात आगीचं ठिकाण असतं. काडी कोणी टाकली हे गुराख्याला किंवा पाड्यावरच्या माणसाला ठाऊक असतं. आणि भोगावं लागतं तेही त्यालाच. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर कलम 26 खाली सरकार त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ बंद ठेवू शकतं. एकाच्या गुन्ह्यापायी अख्ख्या पाड्याची गुरं उपाशी!

बोईसर-तारापूरची गोष्ट निराळी. तिथल्या औद्योगिक वसाहतीत 11 जानेवारी 2020 च्या स्फोटात आठ जण गेले. अशा दुर्घटनांत आधी सुरक्षेतली ढिलाईच तपासायला हवी. पण एखादं गोदाम कुणी जाणूनबुजून पेटवलं, तर पहिला सुगावा बहुधा तिथल्या कंत्राटी कामगारालाच लागेल. त्याने नोकरी पणाला का लावावी? अमेरिकेतल्या काही राज्यांत अशी बक्षिसं विमा कंपन्यांच्या पैशातून दिली जातात. खोटा दावा उघड झाला की पैसा त्यांचाच वाचतो. आपल्याकडेही हा भार त्यांनीच उचलावा.

बक्षीस दोषसिद्धीवर अवलंबून ठेवणं मला सर्वांत घातक वाटतं. खटला वर्षानुवर्षं चालतो. शिवाय खबरी साक्षीला उभा राहिला, की 'पैशासाठी बोलतोस' हा आरोप उलटतपासणीत ठरलेला. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 131 पोलिसांना खबर कुठून मिळाली हे सांगण्याच्या सक्तीपासून वाचवतं. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर ती ओळख लपत नाही. म्हणून खबर खरी निघाली, तपास पुढे सरकला, की तेवढ्यावरच रक्कम द्यावी. तीही दंडाशी न जोडता, स्वतंत्र निधीतून.

तोवर कायदा बक्षिसाविनाच बोलायला सांगतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 खाली, जाळपोळीची माहिती असलेल्याने सबळ कारणाशिवाय गप्प राहता येत नाही. जंगलात धूर दिसला तर वनखात्याचा 1926, वस्तीत किंवा कारखान्यात 112. आग कुणी लावली हे माहीत असेल, तर तेही सांगा.