गाडी का तापली? बिघाडाचं निदान, मेंटेनन्स आणि आकडेवारीचे घोळ

मांजरसुंब्याच्या घाटात एप्रिल-मे महिन्यात बोनेट उघडून कडेला उभी असलेली एखादी गाडी हमखास दिसते. ड्रायव्हर बाटलीतलं पाणी ओततोय आणि आतली मंडळी सावली शोधतायत. आपल्या बीड जिल्ह्यात परळीकडचा भाग सोडला तर कित्येक वर्षं रेल्वे नव्हतीच. दवाखाना, कॉलेज, बाजार, ऊसतोडीला जाणं, सगळं रस्त्याच्याच भरवशावर. म्हणजे गाडी बंद पडणं ही नुसती गैरसोय नसते. कुणाचा पेपर बुडतो, कुणाला अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचायला उशीर होतो.

पेट किंवा नेटची तयारी करताना आपण गृहीतक, चल, नमुना निवड हे शब्द पाठ करतो. माझ्या मते हे शब्द तापलेल्या गाडीवर जितके नीट कळतात तितके गाईडमधून कळत नाहीत. म्हणून आज तीच घेऊ.

‘गाडी तापते’ हे लक्षण आहे, कारण नाही. कारणं अनेक असू शकतात: कूलंट कमी झालंय, पंखा फिरत नाही, रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट अडकलाय, वॉटर पंप गेलाय, नाहीतर हेड गॅस्केट उडालंय. नवशिका एकेक पार्ट बदलत सुटतो. चांगला मिस्त्री आधी प्रश्न विचारतो: “कधी तापते?”

या एका प्रश्नात केवढी माहिती आहे बघा. गाडी गर्दीत हळू चालताना तापते, पण हायवेला लागली की काटा खाली येतो, असं असेल तर संशय पंख्यावर. वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, हळू चालताना ते काम पंख्याला करावं लागतं. उलट उभी असताना ठीक, पण घाटात किंवा सलग वेगात तापते, तर पंखा बहुधा बरा आहे. रेडिएटर चोंदलेला किंवा कूलंट कमी असण्याची शक्यता जास्त. इंजिन गरम झालंय, पण रेडिएटरचा वरचा पाईप गरम आणि खालचा गारच? मग थर्मोस्टॅट उघडत नसेल किंवा रेडिएटरमधून पाणी पुढे सरकत नसेल. कुठेही गळती नाही तरी कूलंट कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय आणि ऑईल दुधाळ झालंय, तर गोष्ट हेड गॅस्केटपर्यंत गेली.

यालाच आपण ‘स्पर्धक गृहीतकं’ म्हणतो. पुरावा चांगला कोणता? जो दोन गृहीतकांत फरक करतो तो. ‘काटा लाल पट्ट्यात गेला’ हा पुरावा सगळ्याच कारणांशी जुळतो, म्हणून निदानासाठी जवळजवळ निरुपयोगी. कितीतरी प्रबंधांतली प्रश्नावली याच जातीची असते, उत्तर काहीही आलं तरी गृहीतक टिकतंच.

दुसरी गोष्ट तपासणीच्या क्रमाची. मिस्त्री आधी कूलंटची पातळी आणि पाईपची गळती बघतो, कारण ते वारंवार घडतं आणि बघायला पैसे लागत नाहीत. इंजिन खोलणं शेवटी. आणि एका वेळी एकच बदल. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर एकदमच बदलले तर गाडी बरी होईल, पण दोष कशात होता हे कधीच कळणार नाही.

(जाता जाता: गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. बंद झाकणाखाली दाब असतो, त्यामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब उतरतो, पाणी त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं.)

आता मेंटेनन्सकडे येऊ. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला, बोअरचं पाणी टाका’ असं सर्रास ऐकू येतं. पण कूलंट गंजही रोखतं आणि पाण्याचा उकळबिंदूही वाढवतं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार मात्र हळूहळू रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. बिघाड घाटात दिसतो, पण तो सुरू होतो दोन-तीन वर्षं आधी, घरासमोर, बादली हातात असताना.

समजा, तुम्हाला यावर संशोधन करायचंय: नियमित सर्व्हिसिंगने बिघाड कमी होतात का? सोपा मार्ग म्हणजे बीडच्या गॅरेजमध्ये बसून आलेल्या गाड्यांची नोंद करायची. इथेच पहिला घोळ. गॅरेजमध्ये येतात त्या बिघडलेल्या गाड्या; ज्या बिघडल्याच नाहीत त्या तुमच्या वहीत येणारच नाहीत. अंश मिळाला, छेद कुठाय? एसटीसारख्या परिवहन संस्था बिघाडाचं प्रमाण दर दहा हजार किलोमीटरमागे मोजतात, ते यासाठीच.

दुसरा घोळ जास्त चकवा देतो. जुनी, कुरकुरणारी गाडी मालक सारखी गॅरेजला नेतो. नवीकोरी गाडी वर्षभर कुणी बघत नाही. नुसता सहसंबंध काढला तर ‘जास्त सर्व्हिसिंग म्हणजे जास्त बिघाड’ असं उत्तर येऊ शकतं. दवाखान्यात जाणारे जास्त आजारी असतात, म्हणून दवाखाना आजार देतो म्हणण्यासारखंच ते. गाडीचं वय, किलोमीटर, रस्ता, भार हे विचारात घेतल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

पण गंमत अशी की कधीकधी मेंटेनन्स खरोखरच बिघाड घडवतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये काम करणाऱ्या सी. एच. वॉडिंग्टन (मूळचे जीवशास्त्रज्ञ!) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या अचानक कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्या मांडून पाहिल्या. ठरलेल्या तपासणीनंतर लगेचच दुरुस्त्या वाढत आणि पुढे कमी होत जात. चांगलं चाललेलं खोलून परत बसवताना काहीतरी बिनसत होतं. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांच्या अहवालात तर असं निघालं की विमानाच्या अभ्यासलेल्या भागांपैकी ८९ टक्के भागांना ‘इतके तास झाले की बदला’ अशी वयाची मर्यादा घालून फायदा होत नव्हता.

हे वाचून सर्व्हिसिंग बंद करायचं का? मुळीच नाही. इंजिन ऑईल, ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट, एअर फिल्टर या गोष्टी वापराने ठरावीक पद्धतीने झिजतात किंवा खराब होतात. त्यांना वेळापत्रक लागतंच. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर तर पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या आधीच बघावा. सेन्सर किंवा वायरिंगचं तसं नसतं, ते कधी जाईल हे वयावरून सांगता येत नाही. तिथे न खोलता बघणं, आवाज ऐकणं, नोंद ठेवणं हेच खरं काम.

नोंद म्हणजे चाळीस पानी वही पुरते. तारीख, किलोमीटर, काय लक्षण, कुठे आणि कशा परिस्थितीत, काय तपासलं, काय बदललं, बदलल्यावर लक्षण गेलं का. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत.